गोल पाटीवरचं नाव

सजावटीची कामं घेणारे लोक तिला अक्षरवाली म्हणत. वाढदिवस असो, कुणाचा निरोप असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, मागे लावायच्या गोल पाटीवर कागदाची अक्षरं वळवून बसवायची असली की काम तिच्याकडे यायचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर कटिंग मशीन, शेजारी कुरकुरणारा लॅपटॉप आणि कोपऱ्यात रंगीत कार्डपेपरच्या गुंडाळ्या, एवढाच तिचा पसारा.

सरळ ओळीत नाव कापणं सोपं असतं. वळवायला घेतलं की अक्षरं रुसतात. लॅपटॉपवर एक बटण सरकवलं की ओळ कमानीसारखी वाकते खरी, पण प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन तिरकं होतं आणि वरची रेघ जागोजागी तुटते. म्हणून ती अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा आधी पुसून टाकायची, कमानीची एक अखंड रेघ काढायची आणि एकेक अक्षर त्या रेघेला खालून टांगायची. मग सगळं एकमेकांत जोडून घ्यायची, म्हणजे मशीनमधून अख्खं नाव एका तुकड्यात निघायचं. नाहीतर लावणाऱ्याच्या हातात सुटी अक्षरं पडतात आणि तो आपल्या मनाने लावून मोकळा होतो. एका निवृत्त साहेबांच्या पाटीवर असं काहीतरी भलतंच लागलं होतं, आणि साहेब सबंध समारंभभर त्याच्याखाली हसतमुखाने बसून होते. गोलाच्या खालच्या बाजूचा मजकूर तर फारच छळायचा. तिथे ओळ हसऱ्या तोंडासारखी वळते, अक्षरांचे पाय फाकतात आणि डोकी एकमेकांवर आपटतात. वेलांट्या आणि मात्रा अगदी एकमेकींच्या झिंज्या धरतात.

हे काम ती स्टेशनरीच्या दुकानात शिकली होती, तेव्हा हातात नुसतं पातं असायचं. नवरा घर सोडून गेला त्यानंतर ती त्या दुकानात लागली. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. आधी तो दर आठवड्याला यायचा, मग महिन्याने, मग नुसता फोन. एकदा ती बाजारातून घरी आली तर कपाटातला त्याचा खण रिकामा होता. तिकडे त्याने दुसरं घर मांडलं होतं. लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती, मुलगा तिच्याहून थोडा मोठा. त्या रिकाम्या खणाकडे बघत मुलगा म्हणाला होता, "आई, आपल्याला कुणी नको. आपण तिघं पुरे." एवढंसं पोर, पण त्याच्या त्या बोलण्यावर तिने पुढची सगळी वर्षं काढली. घरात त्या माणसाचं नाव निघत नसे. चुकून निघालंच तर ती ताटावरून उठायची.

मुलं शिकली, नोकरीला लागली. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, लेक ऑफिसजवळ एका मैत्रिणीबरोबर. दोघांच्या हातात पगार यायला लागल्यावर एके दिवशी ते भलंमोठं खोकं घेऊन दारात उभे राहिले. "आता दुकानात उभं राहायचं नाही. घरी बसून काम करायचं," लेकीने सांगून टाकलं. खोक्यात कटिंग मशीन होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती मशीन दाखवायची आणि म्हणायची, "मुलांनी घेऊन दिलं. पहिल्या कमाईतून." न विचारताच सांगायची.

त्या मंगळवारी दुपारी डेकोरेटरचा मेसेज आला. हा तिचा नेहमीचा माणूस, बोलका आणि वेळेचा पक्का. "ताई, रविवारी संध्याकाळचं काम. गोल पाटी, सोनेरी अक्षरं. वरच्या कमानीत: आमचे गडगडबाबा. खालच्या कमानीत: साठ वर्षांचे झाले!"

तिने सवयीने खालची ओळ आधी वाचली, कारण गोची तिथेच व्हायची. मग वरची वाचली. परत वाचली. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचली.

गडगडबाबा हे नाव जगात एकाच माणसाचं होतं. तिचा नवरा हसायला लागला की ढग गडगडल्यासारखं वाटायचं. लेक बोबडं बोलायची तेव्हा त्या हसण्याला आधी घाबरली आणि मग त्याच्या पोटावर चढून बसली. "बाबा, पुन्हा गडगड कर." तिथून तो गडगडबाबा झाला, आणि तेही फक्त घरात. बाहेर कुणाला ते नाव माहीत नव्हतं. या महिन्यात तो साठ वर्षांचा होतो, हेही तिला आठवलं. आठवायला नको होतं, पण अशा तारखा डोक्यातून जात नाहीत.

तिने डेकोरेटरला फोन लावला. "पार्टी कोण आहे हो?"

"बहीण-भाऊ आहेत, ताई. वडिलांना सरप्राइज देतायत. फार प्रेमळ मुलं. हल्ली कोण एवढं करतं आईवडिलांचं?" तो उत्साहात सांगत होता. "गेल्या वर्षीही मीच केलं होतं. तेव्हा नुसते फुगे लावले. या वर्षी मुलगी म्हणाली, पाटीवर नाव अगदी सुंदर वळवून हवंय. मी म्हटलं, काळजीच नको, आमच्याकडे कारागीर आहे."

"आणि आई?"

"आई कुठे दिसली नाही बुवा. असेल काहीतरी. आपण कशाला विचारा?"

फोन ठेवल्यावर तिने तो मेसेज पुन्हा उघडला. गेल्या वर्षीही, तो म्हणाला होता. गेल्या वर्षी याच सुमाराला लेक म्हणाली होती, ऑफिसच्या लोकांबरोबर सहलीला चाललेय. तिने तिला प्रवासात थंडी वाजू नये म्हणून स्वतःची शाल दिली होती.

संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. अजूनही वाटत होतं, आपलं काहीतरी चुकत असेल. निदान विचारलं तर पोरगी सांगेल.

"रविवारी या दोघं जेवायला. खूप दिवसांत एकत्र बसलो नाही."

"या रविवारी नको गं आई. ऑफिसचं ट्रेनिंग आहे, संध्याकाळपर्यंत चालेल."

"रविवारी?"

"हो ना! काय सांगू तुला, डोकं फिरलंय आमच्या साहेबांचं."

"बरं. मला काही सांगायचं राहिलंय का तुझं?"

 लेक हसली. "काय सांगायचं? तू जेवलीस का? गोळ्या घेतल्यास ना? खांदा दुखत असेल तर शेक घे. रात्री जागत बसू नकोस त्या मशीनपाशी."

मग तिने मुलाला फोन केला. त्याच्या मित्राचं लग्न होतं, रविवारीच. दोघांनी एकमेकांना विचारून एकच थाप ठरवण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती, इतका त्यांना आपल्या आईच्या भोळेपणाचा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. डेकोरेटरला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं असतं तर तिला काहीच माहीत नाही असं जग चालू राहिलं असतं, आणि ते तिला सोसवलं नसतं. तिने 'आमचे गडगडबाबा' टाइप केलं. मग 'आमचे'च्या जागी 'तुमचे' लिहून बघितलं. पडद्याकडे बघता बघता तिला स्वतःचीच लाज वाटली, तिने ते पुसलं. रेघा पुसल्या, कमान काढली. ग, ड, ग, ड. एरवी ही अक्षरं तिची आवडती, कारण एका उंचीची, कमानीला नीट लटकणारी. आज प्रत्येक अक्षर जागेवर बसवताना दातावर दात दाबले जात होते. मशीनचं पातं सोनेरी कागदावरून करकरत फिरलं. चिकट मॅटवरून पहिलं नाव सोडवताना तिने ते हातांनी टराटरा फाडलं. मग नवा कागद लावला आणि पुन्हा कापलं. दुसरं मात्र निगुतीने सोडवून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं.

"या वेळी मीच येऊन लावते," तिने डेकोरेटरला कळवलं. "सोनेरी कागदावर बोटांचे ठसे उमटतात."

"या की! जिना मात्र चढायला लागेल," तो म्हणाला.

जागा म्हणजे एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली होती. रविवारी दुपारी ती पोचली तेव्हा डेकोरेटर फुग्यांना हवा भरत होता. समोरच्या भिंतीवर पांढरी गोल पाटी टांगलेली होती. ती स्टुलावर चढली आणि वरची कमान मधोमध धरून डावीउजवीकडे दाबत गेली. नाव झकास बसलं. खालची ओळ लावायला ती स्टुलावरून उतरली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका, मेणबत्त्या कुठे ठेवू?"

तिने वळून पाहिलं. लेक दारात उभी होती. हातात पिशवी, अंगावर नवा निळा ड्रेस. मागच्याच आठवड्यात आईने तो शिवणीतून आत घेऊन दिला होता.

"आई?"

"ट्रेनिंग संपलं का?" तिने विचारलं.

डेकोरेटरला काही कळलं नाही. तो कौतुकाने म्हणाला, "या आमच्या अक्षरवाली ताई. बघा कसं वळवलंय नाव! तुम्ही ओळखता यांना?"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आईला हाताला धरून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं. तिथे एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या आणि खालच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते.

"आई, मी तुला सांगणारच होते."

"कधीपासून चाललंय?"

"कॉलेजात असल्यापासून. ते या शहरात परत आल्यावर एकदा गेटपाशी येऊन थांबले होते. दादाला आधीच भेटले होते. आई, त्यांचं नाव काढलं की तू जेवता जेवता उठायचीस. तुला कसं सांगणार होतो?"

"मी ताटावरून उठत होते. घरातून उठून गेले नव्हते."

लेक रडायला लागली. तेवढ्यात केकचं खोकं सांभाळत मुलगा जिना चढून आला आणि दोघींना बघून तिथेच खिळला. खोकं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते खुर्च्यांवर ठेवलं.

"आई, रागावू नकोस," तो म्हणाला. "ते तितके वाईट नाहीत गं. चुकलं त्यांचं, ते मान्य करतात. आमच्यासाठी खूप केलंय त्यांनी. तुझ्यासाठीसुद्धा. मशीनच बघ ना, त्यांनीच तर..."

"दादा!" लेक ओरडली.

पण शब्द बाहेर पडला होता. आईने आधाराला हात खुर्चीवर ठेवला.

"मशीन काय?"

मुलाने केकचं खोकं उगाच सरळ केलं.

"मशीन काय, विचारतेय मी."

"आम्हाला तेव्हा जमण्यासारखं नव्हतं," मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला. "ते म्हणाले, तिला सांगू नका, सांगितलंत तर घेणार नाही. तुझ्या भल्यासाठीच ना, आई. तू किती खूश होतीस!"

खूश होती, खरंच. तिने शेजारणीला सांगितलं होतं, दुकानाच्या मालकाला सांगितलं होतं, कागदाची गुंडाळी पोचवायला आलेल्या माणसालाही सांगितलं होतं. आता त्या प्रत्येकाचा चेहरा तिला आठवायला लागला. ज्या माणसाशिवाय आपण उभ्या राहिलो म्हणून ती ताठ मानेने वावरत होती, तो रोज तिच्या टेबलावर बसलेला होता. आणि तिची मुलं ते बघत, तिच्या हातचं जेवून, तोंड पुसून जात होती.

खाली जिन्यावर कुणीतरी हसलं. मोठ्याने, गडगडाट झाल्यासारखं. मुलगा आणि लेक दोघंही दचकले. त्याला सहाला बोलावलं होतं, तो आधीच आला होता.

तो वर आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, चेहरा मात्र तसाच खुशालचेंडू. तिला बघून हसणं मावळलं. तिघांकडे आळीपाळीने बघून काय झालं असेल ते त्याच्या लक्षात आलं असावं. काही क्षण तो घोटाळला, आणि मग अगदी मायेने, जणू कालच भेटल्यासारखं म्हणाला, "खांदा कसा आहे आता? उजवाच दुखतो ना? शेक घेतेस का?"

मशीनचं ऐकून ती सावरली होती, उभी राहिली होती. हा प्रश्न मात्र तिला भारी पडला. खांद्याचं दुखणं तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. रात्री फोनवर, लेकीला, काळजी करू नकोस असं बजावून. म्हणजे नुसतं चोरून भेटणं नव्हतं. तिचं घर, तिची दुखणी, तिच्या रात्रीच्या गप्पा, सगळं उचलून मुलांनी या माणसापुढे नेऊन मांडलं होतं. त्याला तिचं सगळं माहीत होतं. ती मात्र अंधारात बसलेली.

तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने नजर खाली घातली.

"माझ्या खांद्याचं तुम्हाला काय करायचंय?" ती त्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा."

ती आत गेली. खालची ओळ लावायची राहिली होती. डेकोरेटर फुगा हातात धरून उभा होता. त्याला एव्हाना काहीतरी उमगलं होतं. तिने ओळ लावली, मात्रांवरून अंगठा फिरवून नीट दाबली, पिशवी उचलली आणि कुणाकडे न बघता जिना उतरून गेली.

"आई, थांब ना!" लेक जिन्यापर्यंत धावली. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुलाला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा मशीन त्याच्या मूळ खोक्यात बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

"हे ज्याचं आहे त्याला नेऊन दे."

"आई, असं काय करतेस? तुझं काम कसं चालणार?"

"तो माझा प्रश्न आहे."

"एवढा राग? एका वस्तूवर?"

"वस्तूवर कोण रागावलंय?" ती म्हणाली. "तू लहान होतास तेव्हा म्हणाला होतास, आपण तिघं पुरे. मी ते खरं मानून चालले. तुझं मन बदललं तर मला सांगायचं होतंस. मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण मला माहीत तरी असतं."

 त्याने खोकं उचललं. जिन्यात ते दोनदा भिंतीला घासलेलं तिला ऐकू आलं, तरी तिने दार लावून घेतलं.

लेक दोन आठवडे फिरकली नाही. मग एका दुपारी आली आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसली. आईने चहा केला. कप पुढे ठेवला.

"तू चिडलीस ते बरोबरच आहे," लेक म्हणाली. "पण आई, एक सांगू? आपल्या घरात कायम कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. त्यांच्याकडे गेलं की ते हसायचे, आम्हीही हसायचो. कुणी रडत नव्हतं तिथे. म्हणून जात राहिलो. ते का गेले, असं मी त्यांना कधी विचारलंसुद्धा नाही."

हे ऐकून आईला आणखी लागलं, कारण त्यात तिला खोटं काही सापडेना. तिने मुलांना वाढवलं होतं, आजारपणं काढली होती, फीच्या तारखा पाळल्या होत्या. हसायला वेळ झाला नव्हता. तो मोकळा होता, त्याला झाला.

"जात जा," ती म्हणाली. "वडील आहेत तुमचे. मी अडवणारी कोण? पण माझं इथलं काही तिथे न्यायचं नाही. मी काय खाते, माझं काय दुखतं, काही नाही. एवढं जमेल?"

"जमेल." लेकीने डोळे पुसले. "आणि तू मला माफ..."

"अजून नाही," आई म्हणाली. "चहा घे, निवतोय."

कामं अडून राहिली नाहीत. डेकोरेटरच्या ओळखीने एक छापखानावाली भेटली. तिच्याकडे कटिंग मशीन होतं, पण वळणाचा मजकूर आला की ती डोक्याला हात लावायची. मागची खोली रिकामी होती. दोघींनी बोलून भागीत काम करायचं ठरवलं. अक्षरवाली आता सकाळी डबा घेऊन तिकडे जायला लागली. छापखानावाली तोंडाची फटकळ होती, दिवसभर गिऱ्हाइकांच्या नकला करायची. पहिल्या आठवड्यात अक्षरवाली तिच्या एका नकलेला इतकी हसली की हातातला कागद वाकडा कापला गेला.

महिनाभराने मुलगा आणि लेक न सांगता घरी आले, तर दाराला कुलूप. शेजारणीने पत्ता दिला. शोधत शोधत दोघं छापखान्यात पोचले. आई लॅपटॉपपुढे बसून कुणाच्या तरी दुकानाचं नाव कमानीत टांगत होती. भिंतीला नवे कागद, हुकाला तिचा डबा, टेबलावर दोघींचे चहाचे कप. सगळं चांगलंच रुळलेलं दिसत होतं.

"आई, हे कधी सुरू केलंस?" लेकीने विचारलं. "रोज तर फोनवर बोलतो आपण. सांगितलं नाहीस?"

"राहून गेलं," आई म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिची तिलाच भीती वाटली. लेकीचा चेहरा उतरलेला तिने पाहिला. त्यात थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं वाईटही वाटलं. तिने कोपऱ्यातली दोन स्टुलं पायाने पुढे सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "एवढी ओळ जोडून होऊ दे. मग बोलू."

दोघं बसली. ती पडद्याकडे वळली आणि पुढचं अक्षर उचललं.